घसा बसलेल्या माणसाची कॅसेट

धुळ्याच्या देवपुरातल्या घराची आवराआवर चालली होती. माझ्या थोरल्या भावाला, भाऊला, जाऊन दोन वर्षं होत आली, आणि मंगलावहिनी आता मुलाकडे नाशिकला राहायला निघाली होती. मी जळगावहून सकाळच्या बसनं धुळ्याला गेले. तिनं पंखा लावला, पाणी दिलं आणि माझ्यापुढं बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आणून ठेवला. झाकण निघालं तसा वास आला. तापलेल्या प्लास्टिकचा, थोडा गंजाचा आणि सुकलेल्या कडुनिंबाचा. आत भाऊच्या कॅसेटी होत्या, पाठीवर त्याच्या तिरक्या अक्षरातले आकडे.

वहिनी म्हणाली, मुलानं या कॅसेटींतल्या गायकाची सगळी गाणी मोबाइलवर लावून दिली आहेत, पण ती इतकी आहेत की बोट कुठं ठेवावं तेच कळत नाही. मग डब्याकडं बघत तिनं विचारलं, "बेबीताई, कुठून सुरुवात करू?"

माझ्या पोटात दुखलं. साठीला टेकलेल्या बाईच्या पोटात असल्या गोष्टीवरून दुखू नये, पण दुखलं. शिवाय ही मला का विचारते, तेही कळेना. या प्रश्नाचं उत्तर भाऊनं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच दिलं असणार अशी माझी पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीवर मी आजवर जळत आले होते. मी डब्यात हात घातला आणि निंबाची एक काडी बाहेर काढली. ती माझ्या आईनं टाकलेली होती. गव्हाला कीड लागू नये म्हणून कोठीत निंबाचा पाला घालतात, तसा तो तिनं कॅसेटींच्या डब्यातही घातला होता. कॅसेटच्या पट्टीला कीड लागत नाही हे भाऊनं तिला पुष्कळदा समजावलं, पण दर उन्हाळ्यात पाला बदलला जायचा.

तो गायक दूरदेशीचा. त्याचा फोटोसुद्धा आम्ही कधी पाहिला नव्हता. रॉक म्हणतात त्या प्रकारचं गायचा, पण त्यातही त्याचं कोणाशी पटलं असेल असं वाटत नाही. एका रेकॉर्डमध्ये त्यानं शाळेतली पोरं गायला बसवली होती, एकीत गिरणीसारखं काहीतरी सतत घरघरत होतं, एकीत तो प्रत्येक गाणं अर्ध्यावर सोडून द्यायचा आणि पुढचं धरायचा. आणि किती म्हणून रेकॉर्डी काढाव्यात माणसानं. एकीची ओळख होते न होते तोच दुसरी तयार असायची. आईचं माहेर अमळनेरकडचं, ती घरात अहिराणीच बोलायची. ती ओट्यापासून विचारायची, "ह्याले दुसरं काम नही का?"

भाऊ तेव्हा धुळ्याला पॉलिटेक्निकला होता आणि मी अकरावीत. त्याच्या खोलीवरच्या एका मित्राचे काका परदेशात होते, ते रेकॉर्डी पाठवायचे. आग्रा रोडवर एक कॅसेटी भरून देणारा होता, त्याच्याकडून भाऊ त्या कॅसेटवर भरून घ्यायचा. शनिवारी संध्याकाळच्या बसनं तो पारोळा, एरंडोल करत घरी जळगावला यायचा आणि खांद्यावरच्या पिशवीत मळलेल्या कपड्यांत गुंडाळलेली कॅसेट असायची. आई कपडे भिजवायला पिशवी ओढायची आणि भाऊ ती सोडायचा नाही. मी दारात उभी राहून दोघांची ओढाताण बघायची. आज कॅसेट आली आहे की नाही ते मला त्यावरूनच कळायचं.

रविवारची दुपार आमची. पुढच्या खोलीत आबा, म्हणजे आमचे वडील, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले. खिडकीत वाळ्याचा पडदा, त्यावर आईनं मारलेलं पाणी, आणि मागच्या बाजूच्या डाळमिलचा तो कोरडा, भाजका वास. उन्हाळ्यात कॅसेटींचा डबा माठाच्या तिवईखाली असायचा, कारण कपाटात ठेवल्या तर पट्टी पाघळेल अशी भाऊला भीती. आवाज इतका बारीक ठेवायचा की टेपरेकॉर्डरच्या जाळीला कान लावावा लागायचा. त्याचा उजव्या बाजूनं, माझा डाव्या बाजूनं. आमची डोकी एकमेकांना आपटायची. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि एसटीच्या धुळीचा वास असायचा.

भाऊचं म्हणणं, या माणसाला कुठून धरावं हे फार जपून ठरवायला हवं. पहिल्या रेकॉर्डपासून सुरुवात करायची नाही, कारण तेव्हा तो पोरसवदा होता आणि दुसऱ्यांसारखं गाऊ बघत होता. लोकांना आवडलेल्या रेकॉर्डपासून तर मुळीच नाही, कारण मग बाकीच्या आवडत नाहीत. गिरणीवाली घेतली तर माणूस परत फिरकत नाही. सुरुवात करायची ती घसा बसलेल्या रेकॉर्डपासून. एका वर्षी त्याचा आवाज पार गेला होता आणि तरी त्यानं रेकॉर्ड काढली होती. आवाज येत नसला की माणूस काय करू बघतोय ते नीट ऐकू येतं, असं भाऊ म्हणायचा.

हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं. मला ऐकवली तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं. मी वांग्याच्या भरतासाठी लसूण सोलत बसले होते. त्यानं टेपरेकॉर्डर आणून पाटावर ठेवला, बटण दाबलं आणि स्वतः उगाच सायकलची चेन बघत बसला. एक बाजू संपली. मी म्हटलं, याचा घसा फार खराब झालाय, याला ज्येष्ठमध द्या कोणीतरी. भाऊ हातातली चेन टाकून माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बेबे, तुला ऐकता येतं."

आमच्या घरात मला कोणी काही येतं असं म्हणायची पद्धत नव्हती. स्वयंपाक येतो असंसुद्धा नाही, तो यायलाच हवा होता. त्यामुळं ते वाक्य मी किती जपलं असेल याची कल्पना येईल. लसणाच्या वासाची बोटं मी त्या दिवशी लवकर धुतली नाहीत.

थंडीत शेतावर भरताच्या पार्ट्या व्हायच्या. हिरवी लांबट वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, लाकडी बडगीत कुटलेल्या मिरच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. भाऊचे जळगावचे मित्र यायचे आणि टेपरेकॉर्डर आणला म्हणून सिनेमाची गाणी लाव म्हणायचे. भाऊ त्यांच्यासाठी वेगळी कॅसेट ठेवायचा. ती लावायचा आणि जाळाच्या पलीकडून माझ्याकडं बघून जरासा हसायचा. अख्ख्या जळगावात तो गायक फक्त आम्हा दोघांचा होता. धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे, माझे मात्र सुखानं भरून यायचे.

वर्गातल्या एका मैत्रिणीला कुठून तरी कळलं आणि ती मागंच लागली, मलाही ऐकव. मी तिला गिरणीवाली दिली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला कॅसेट माझ्या बाकावर परत आली. मला फार बरं वाटलं, आणि आजही आठवलं की वाटतं.

त्या गिरणीवालीची मात्र एक गंमत होती. दुसऱ्या बाजूच्या शेवटी घरघर थांबायची, खरखर व्हायची आणि मग एक लांबच लांब सूर लागायचा. फुंकून वाजवायचं काहीतरी वाद्य. भरड्या, घुमणाऱ्या आवाजाचं. मधे श्वासच नाही. त्याखाली पावलं पडल्यासारखं काहीतरी. शब्द एकही नाही, मागं कुठंतरी नुसतं पुटपुटणं. पट्टी संपेपर्यंत ते चालायचं आणि मग खटकन बटण उडायचं. आम्हाला दोघांना ते सर्वांत जास्त आवडायचं. भाऊ म्हणायचा, बघ, सगळं करून झालं, गाऊन झालं, ओरडून झालं, आता त्यानं शब्दच टाकून दिले. मी म्हणायची, यंत्राला त्यानं श्वासानं उत्तर दिलंय. त्यावर आम्ही किती दुपारी घालवल्या असतील. भाऊनं धुळ्याच्या मित्रांना या तुकड्यावर व्याख्यानंसुद्धा दिली होती.

भाऊला पाणीपुरवठ्याकडं ओव्हरसियरची नोकरी लागली, तीही धुळ्यालाच, आणि त्याचं लग्न ठरलं. मुलगी पिंपळनेरची. मंगला. गोरी नाही, पण हसली की समोरच्याला हसावंच लागायचं. मला ती पहिल्या दिवशी आवडली होती हे इथं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल.

पहिल्या दिवाळीला ते दोघं जळगावला आले. दुपारी मी मुद्दामच डबा काढला. भाऊ आणि मी पूर्वीसारखे टेपरेकॉर्डरला दोन बाजूंनी चिकटून बसलो. गिरणीवालीचा शेवट आला. वहिनी ओट्याजवळ पुरण वाटत होती, ती तशीच दारात आली. हात पुरणानं भरलेले. थोडा वेळ तिनं ऐकलं आणि म्हणाली, "हाई तं पावरी शे. आम्हनाकडे डोंगऱ्यादेवले वाजाडतस."

अहिराणी आम्हाला कळत होती, पण पावरी म्हणजे काय ते समजेना. तिनं मग समजावून सांगितलं, की तिच्या गावाकडं डोंगरातले लोक मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला भोपळ्याचं हे वाद्य वाजवतात, त्यावर रिंगण धरून नाचतात, आणि हे तिनं लहानपणापासून ऐकलंय. तरी भाऊ म्हणाला, असेल, त्या गायकानं कुठून तरी मिळवून रेकॉर्डमध्ये घातलं असेल, त्याचा नेम नाही. तेवढ्यात सुराच्या मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. इतकी वर्षं आम्ही त्याला गायकाचं पुटपुटणं समजत होतो. वहिनीनं कान दिला आणि ती हसायलाच लागली. तो म्हातारा डोंगरातल्या बोलीत कोणाला तरी बाजूला सरकायला सांगत होता.

पुढच्या आठवड्यात भाऊनं आग्रा रोडवर जाऊन विचारलं. कॅसेटी भरून देणाऱ्याचा नियम होता, पट्टी कोरी सोडायची नाही. कोरी राहिली की गिऱ्हाईक भांडतं, पैसे पूर्ण घेतले आणि कॅसेट अर्धी दिली म्हणतं. मग रेकॉर्ड संपून पट्टी उरली की हाताला येईल ते तो भरायचा. कधी लग्नाचा बँड, कधी आरती. त्या वेळी साक्रीकडच्या बाजारात विकायच्या पावरीच्या कॅसेटी त्याच्याकडं भरायला होत्या.

भाऊला याचा इतका आनंद झाला की काही विचारू नका. तो आठवून आठवून हसायचा. मला हसू आलं नाही. आमच्या दोघांच्या इतक्या दुपारींवर ती पुरणाच्या हातांनी येऊन उभी राहिली होती, आणि भाऊ तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होता ती नजर माझ्या ओळखीची होती. तिलाही ऐकता येत होतं. पुढं मार्गशीर्षात ते दोघं पावरी ऐकायला पिंपळनेरला गेले. मलाही चल म्हणाले. मी म्हटलं, माझी परीक्षा आहे. परीक्षा होतीच, पण ती मार्चमध्ये.

मग डबा धुळ्याला गेला. जायलाच हवा होता, तो भाऊचाच होता. माठाखालची जागा रिकामी झाली आणि आईनं तिथं कांदे ठेवले. रविवारी दुपारी डाळमिलचा वास यायचा, आबा घोरायचे, वाळ्यावरून पाण्याचे थेंब पडायचे, आणि मी मनानं देवपुरात असायची. आज भाऊनं तिला घसा बसलेली लावली असेल. ती काय म्हणाली असेल? ज्येष्ठमध तर नक्कीच म्हणाली नसेल. आता शाळेतली पोरं लावली असतील. आता ती त्याच्या शेजारी, माझ्या बाजूला कान लावून बसली असेल. कोणाला नवऱ्याच्या पगाराचा हेवा वाटतो, कोणाला पाटल्यांचा. मला टेपरेकॉर्डरच्या डाव्या बाजूचा वाटायचा.

माझं लग्न गावातच झालं, शाळेत नोकरी लागली. धुळ्याला सणावाराला जाणं व्हायचं. वहिनी खापरावरचे मांडे करायची, शेवभाजी करायची, मला आवडतं म्हणून लसणाचं तिखट बांधून द्यायची. जेवणं झाली की भाऊ कधीतरी हळूच म्हणायचा, ऐकायचं का काही? मी म्हणायची, राहू दे रे. मी नाही म्हटलं की तोही लगेच विषय बदलायचा. मला वाटायचं, बरोबर आहे, आता ते त्या दोघांचं झालं. त्याच्या केसांतून खोबरेलाचा वास यायचा थांबला होता, तो आता कुठलं तरी बाटलीतलं तेल लावायचा. मी हळूहळू त्या गायकाचं नाव काढणं सोडलं. तो मात्र तिकडं गातच होता, रेकॉर्डी काढतच होता, असं अधूनमधून कानावर यायचं.

"ताई, सांगा ना," वहिनी म्हणाली. डबा अजून माझ्या मांडीवर होता.

मी जरा तुसडेपणानंच म्हटलं, तुला काय सांगायचं, तुला तर भाऊनं सगळं ऐकवलंय.

ती समोरच्या पलंगावर बसली. आता ती चांगली शहरी बोलते, इतक्या वर्षांत देवपूरची झाली आहे. म्हणाली, "मला त्यांनी एकदाही ऐकवलं नाही, ताई. मी खोलीत आले की बंद करायचे. मी एकदा रागानं विचारलं, तर म्हणाले, हे बेबीचं आणि माझं आहे. ती आली की लावू. तुम्ही यायच्या आणि राहू दे म्हणायच्या."

पंखा घरघरत होता. मी विचारलं, मग तू काय करायचीस.

"काय करणार? दार लोटून घ्यायची. तुमचा फार राग यायचा. नणंद दागिन्यावरून भांडली असती तर मी पण भांडले असते. ह्याच्यावर काय भांडू?" एवढं बोलून ती पदरानं डब्याचं झाकण पुसायला लागली.

मला वाईट वाटायला हवं होतं. तिच्यासाठी, भाऊसाठी, इतक्या वाया गेलेल्या रविवारांसाठी. ते सगळं नंतर बसमध्ये वाटलं. त्या घडीला मात्र मला फक्त आनंद झाला, अगदी लहान पोरीसारखा. त्यानं माझी जागा कोणाला दिली नव्हती. डावी बाजू रिकामीच होती. असं वाटलं की आत्ता उठावं आणि देवपुराच्या रस्त्यावर जाऊन कोणाला तरी सांगावं.

आणि म्हणून मला उदार होता आलं. मी घसा बसलेली काढली. वहिनीनं जुना टेपरेकॉर्डर रेडिओवाल्याकडं नेऊन त्याचा पट्टा बदलून आणला होता, मी यायच्या आधीच. मी तिला डाव्या बाजूला बसवलं. भाऊचं सगळं सांगितलं, पहिल्या रेकॉर्डपासून का नाही, गिरणीपासून का नाही, घसा का. ती शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती. मी बटण दाबलं आणि तिच्या तोंडाकडं बघत बसले. आता ही काय म्हणते ते मला ऐकायचं होतं, आणि ते माझ्या ज्येष्ठमधाइतकं चांगलं नसावं अशीही इच्छा होती.

पट्टी जुनी, सुरुवातीला नुसती खरखर. मग तो बसका आवाज आला. दोन ओळी झाल्या. तिसरी यायच्या आधीच वहिनी गुणगुणायला लागली. चुकत नव्हती. गायक श्वास घ्यायला थांबायचा तिथं तीही थांबत होती, तो वर जायचा त्याच्या आधी क्षणभर ती वर जात होती. डोळे मिटलेले. कडवं संपल्यावर तिनं डोळे उघडले, आणि शहरी मराठी कुठल्या कुठं गेली. म्हणाली, "हाई तं ते रोज दाढी करताना म्हनेत."

रोज. मी जन्मात भाऊला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरी आबांच्या धाकानं कोणी गुणगुणत नसे.

मी विचारलं, अजून काय काय म्हणायचा. ती सांगायला लागली. स्कूटर पुसताना एक म्हणायचे. मुलाला झोपवताना एक. नळाला पाणी आलं की हंडे भरताना एक. प्रत्येक तिनं थोडं थोडं म्हणून दाखवलं, शब्द नाहीत, नुसती चाल. मी ओळखत होते. हे शाळेतल्या पोरांचं. हे अर्ध्यावर सोडलेल्यांतलं, आणि भाऊही ते तिथंच सोडायचा. मग तिनं एक म्हटलं आणि मी अडले. मी डब्यातल्या सगळ्या कॅसेटी मनातल्या मनात फिरवल्या. हे त्यांत नव्हतं. मी ऐकणं सोडल्यानंतर कधीतरी आलेल्या रेकॉर्डचं असेल. किंवा गायकाचं नसेलच, भाऊचं स्वतःचं असेल.

"हे कुठलं, वहिनी?"

"मला काय माहीत, ताई. आजारपणात हेच म्हणायचे. सारखं."

टेपवर तो दूरदेशीचा माणूस बसलेल्या घशानं गातच होता. माझ्या पोटात परत दुखायला लागलं होतं, सकाळपेक्षा जास्त. मी हात लांब करून टेप बंद केला आणि तिच्याजवळ सरकले.

"परत म्हण," मी म्हटलं. "अगदी पहिल्यापासून."